घरी बांधलेल्या ड्रोनची मोटार नीट फिरत नसेल तर दोष असा शोधा

तालुक्याच्या गावात ड्रोन बांधणाऱ्या पोरांचा पैसा सगळ्यात जास्त कशात जात असेल, तर चुकीचा पार्ट मागवण्यात. एक मोटार अडखळली की नवी मोटार ऑनलाइन मागवली जाते. आर्वी, पुसद, दारव्हा अशा गावांत कुरिअर पोचायला चांगलेच दिवस लागतात. मोटार येते, बसते, आणि अडखळणं तसंच राहतं. मग नवा ईएससी (मोटारीचा वेग सांभाळणारी पाटी) मागवायचा, मग फ्लाइट कंट्रोलर, म्हणजे ड्रोनचा मेंदू. एवढं करून दोष निघतो तो सैल बुलेट कनेक्टरचा, म्हणजे मोटार आणि ईएससीच्या तारा जोडणाऱ्या गोल पिनेचा. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की दोष नेमका कुठे आहे हे सिद्ध झाल्याशिवाय एकही पार्ट मागवू नका. हे सिद्ध करायला मल्टीमीटर, गाडीच्या इंडिकेटरचा एक बल्ब, चिकटपट्टी, वही-पेन आणि एक निवांत दुपार एवढं पुरतं.

आपल्याकडच्या आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या पोरांकडे मला बहुतेक एकच जोडणी दिसते: एफ-४५० फ्रेम, ए-२२१२ जातीच्या १००० केव्हीच्या (म्हणजे दर व्होल्टमागे मिनिटाला साधारण १००० फेऱ्यांच्या) चार मोटारी, ३० अँपिअरचे चार सुटे ईएससी, १०४५ मापाचे (१० इंची) पंखे, ३ सेलची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी आणि वर पिक्सहॉक किंवा जुना एपीएम २.८ हा फ्लाइट कंट्रोलर. उदाहरणं त्याच जोडणीची घेतो. बीटाफ्लाइट या सॉफ्टवेअरवर चालणारा लहान ५ इंची ड्रोन असेल तर पद्धत हीच, फक्त क्रमांक आणि सेटिंग वेगळी. ती त्या-त्या जागी सांगेन.

आधी पंखे काढा

टेबलावरची इथली प्रत्येक चाचणी पंखे काढून करायची आहे. १० इंची पंखा पूर्ण थ्रॉटलला मिनिटाला सहा-सात हजार फेऱ्या घेतो. बोट मध्ये आलं तर हाडापर्यंत कापतो. "जरा एकदाच बघतो" म्हणून पंखे ठेवून बॅटरी लावू नका, घरात लहान मुलं फिरत असतील तर मुळीच नाही. क्रम पाठ करून टाका: पंखे काढायचे, मग ट्रान्समीटर चालू, मग बॅटरी. बंद करताना बॅटरी आधी, ट्रान्समीटर नंतर.

किती मोटारी बिघडल्या ते मोजा

या एका प्रश्नाने अर्धं काम होतं.

चारही मोटारी फिरत नसतील तर दोष मोटारीत नसतोच. चार मोटारी एकाच दिवशी जळत नाहीत. तेव्हा फ्लाइट कंट्रोलर आर्म होतोय का, म्हणजे मोटारी फिरवायला तयार होतोय का, ते बघा. पिक्सहॉकवरचा सेफ्टी स्विच लुकलुकत असेल तर तो दाबून स्थिर करा. मिशन प्लॅनर या कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरच्या पडद्यावर 'प्री-आर्म' म्हणून जो संदेश येतो तो शब्दन् शब्द वाचा. आपल्याकडे टिनाच्या शेडमध्ये किंवा लोखंडी पलंगावर ठेवून ड्रोन तपासतात आणि कंपासची तक्रार आली की पोरं मोटारींमागे लागतात. ड्रोन अंगणात नेऊन लाकडी पाटावर ठेवा, संदेश बऱ्याचदा आपोआप जातो. रेडिओ कॅलिब्रेशन, म्हणजे ट्रान्समीटरच्या दांड्या कुठून कुठपर्यंत जातात हे शिकवणं, झालेलं नसेल तरीही आर्म होणार नाही.

एकच मोटार बिघडली असेल तर दोष फ्रेमच्या त्या हातात (मोटार धरणाऱ्या दांडीवर) आहे, किंवा त्या हाताला सिग्नल देणाऱ्या पिनेत. पुढचा बहुतेक लेख याच प्रकरणासाठी आहे.

चारही फिरतात पण वेगवेगळ्या वेगाने, आणि थ्रॉटल खाली आणूनही एखादी जोर धरून राहते, ही तक्रार मला सगळ्यात जास्त ऐकायला मिळते. पंखे नसताना आर्म करून हे दिसत असेल तर तो दोष नाही. फ्लाइट कंट्रोलर ड्रोन सपाट करायचा प्रयत्न करतो. पंखे नसल्याने ड्रोन हलत नाही, म्हणून दुरुस्ती पुरेशी झाली नाही असं समजून तो ती वाढवत नेतो. त्यामुळे आर्म करून मोटारींची तुलना करूच नका. तुलना करायची ती मिशन प्लॅनरच्या 'मोटर टेस्ट'मध्ये किंवा बीटाफ्लाइटच्या मोटर्स टॅबमध्ये, कारण तिथे प्रत्येक मोटारीला ठरलेला थ्रॉटलच जातो.

तीन तारांचं गणित

ड्रोनची ब्रशलेस मोटार कशी चालते हे विदर्भातल्या शेतकऱ्याला वेगळं शिकवावं लागत नाही. विहिरीवरचा थ्री फेज पंप उलटा फिरला तर आपण दोन तारांची अदलाबदल करतो. एक फेज गेली तर पंप सुरू न होता नुसता घुमतो आणि तसाच ठेवला तर वाइंडिंग जळते. ड्रोनच्या मोटारीत अगदी हेच घडतं. तीन तारांपैकी कोणत्याही दोन बदलल्या की दिशा उलटते. एक तार सुटली की मोटार जागच्या जागी थरथरते, गुरगुरते, पण फिरत नाही. फरक एवढाच, की इथे तीन फेज डीपीवरून येत नाहीत, बॅटरीच्या डीसीतून ईएससी त्या तयार करतो.

म्हणजे तपासायच्या वाटा दोन. ताकदीची वाट: बॅटरी, फ्रेमची खालची प्लेट, ईएससी, तीन तारा, मोटार. हुकमाची वाट: ट्रान्समीटर, रिसीव्हर, फ्लाइट कंट्रोलर, ईएससीची सिग्नल वायर. दोन्ही वाटा ईएससीत येऊन मिळतात. थरथर, जळका वास, गरम होणं हे बहुतेक वेळा ताकदीच्या वाटेवरचं. उशिरा सुरू होणं, अजिबात प्रतिसाद न देणं, सारखं बीप करत राहणं हे बहुतेक हुकमाच्या वाटेवरचं.

बॅटरी न लावता हाताने तपासणी

पहिल्यांदा मोटार बोटाने फिरवा. चुंबकांमुळे थोडं टप्प्याटप्प्याने फिरणं साहजिक आहे, आणि चारही मोटारी तशाच फिरल्या पाहिजेत. खरखर जाणवली तर दोन शक्यता: बेअरिंग गेली किंवा आत माती गेली. आपली काळी माती बेसॉल्टच्या खडकातून झालेली आहे, तिच्यात चुंबकाला चिकटणारे बारीक लोहकण असतात. ड्रोन वावरात उतरला की ते कण मोटारीच्या चुंबकांवर जाऊन बसतात आणि नुसत्या फुंकरीने निघत नाहीत. मोटारीखालचं सर्क्लिप (शाफ्ट अडवणारी छोटी कडी) काढून बेल, म्हणजे मोटारीचं फिरणारं कवच, वर उचला आणि चिकटपट्टीचा तुकडा चुंबकांवर दाबून कण ओढून घ्या. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा मारायची असेल तर आधी ती बाहेर सोडून टाकीतलं पाणी निघून जाऊ द्या. सर्क्लिप परत बसलं का ते दोनदा बघा. ते नसेल तर फिरता फिरता बेल वर सरकते.

मग मोटार फ्रेमला बांधणारे स्क्रू बघा. लांब स्क्रू आत जाऊन तांब्याच्या वाइंडिंगला टेकतो हा एफ-४५० वरचा अगदी नेहमीचा दोष. तपासायला सोपा आहे: मल्टीमीटर बीपवर ठेवा, एक टोक मोटारीच्या तारेला, दुसरं मोटारीच्या धातूच्या बुडाला. बीप आला तर वाइंडिंग बॉडीला शॉर्ट आहे. स्क्रू सैल करून पुन्हा बघा. बीप थांबला तर आखूड स्क्रू घाला. मात्र तारेवरचं इनॅमल सोललं गेलेलं असू शकतं, म्हणून ती मोटार पुढे काही दिवस नजरेखाली ठेवा.

तिन्ही तारांमध्ये आपापसांत बीप यायलाच हवा. एखाद्या जोडीत येत नसेल तर तार आतून तुटलेली आहे. वाइंडिंगमधले वेढे आपापसांत शॉर्ट झालेत का हे मात्र साध्या मीटरला कळत नाही, कारण चांगल्या वाइंडिंगचाच रेझिस्टन्स एका ओहमपेक्षा कितीतरी कमी असतो. त्यासाठी हाताची चाचणी आहे. ईएससीपासून सोडवलेल्या मोटारीच्या तिन्ही तारा एकमेकींपासून दूर ठेवून ती फिरवा, मोकळी फिरली पाहिजे. आता दोन तारा एकमेकींना जोडून फिरवा, जडपणा जाणवेल. तारा मोकळ्या असतानाच ती तसा जडपणा दाखवत असेल तर आत शॉर्ट आहे. शेजारच्या चांगल्या मोटारीशी ताडून बघितलं की बोटाला फरक लगेच कळतो.

मोटार सोडवलेलीच आहे तर ईएससीही तपासून घ्या. मल्टीमीटर डायोडवर ठेवा. काळं टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह वायरला, लाल टोक एकामागून एक तिन्ही मोटार-तारांना. मग लाल टोक निगेटिव्ह वायरला आणि काळं टोक तिन्ही तारांना. साधारण ०.४ ते ०.६ व्होल्ट दिसतील. आकडा नेमका किती आहे याला फारसं महत्त्व नाही, तिन्ही तारांचा आकडा जवळपास सारखा हवा. एखाद्या तारेला शून्याच्या आसपास आला तर आतला मॉसफेट (वीज चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) शॉर्ट झालाय. त्या ईएससीला पुन्हा बॅटरी लावू नका, आग लागू शकते. मोटार जोडलेली असताना ही चाचणी करून उपयोग नाही, कारण वाइंडिंगमधून तिन्ही तारा एकच होतात.

बुलेट कनेक्टर ओढून बघा. सहज निघत असेल तर तो सैल आहे. नर बाजूच्या पाकळ्या पिनेने जराशा फाकवा. काळा पडला असेल तर घासून स्वच्छ करा. एका मोटारीचं थरथरणं मला सगळ्यात जास्त वेळा इथेच सापडतं.

ड्राय सोल्डर आणि गावातलं व्होल्टेज

एफ-४५० ची खालची प्लेटच वीज वाटते. ईएससीच्या आठ वायर तिच्यावर सोल्डर केलेल्या असतात, आणि या आठ टाक्यांवर माझा कायम संशय असतो. तांब्याची रुंद पट्टी उष्णता खेचून घेते, त्यामुळे २५ वॉटचा सोल्डरिंग आयर्न इथे कमीच पडतो. त्यात संध्याकाळी व्होल्टेज पडलेलं असतं. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० च्या जागी १८० व्होल्ट आले तर २५ वॉटचा आयर्न जेमतेम १५ वॉटचं काम करतो. सोल्डर वितळतं, पण पट्टीला धरत नाही, वर नुसता गोळा बसतो. तो टाका टेबलावर चालतो आणि हवेत जोर आला की सुटतो.

उपाय सरळ आहे. ६० वॉटचा आयर्न, भरपूर फ्लक्स, जाड चपटं टोक, आणि काम सकाळी, गावातला लोड कमी असताना. चांगला टाका कडेला पसरून पट्टीत मिसळलेला दिसतो. गोळ्यासारखा उठलेला किंवा भुरकट, दाणेदार दिसणारा टाका पुन्हा करा. वायर चिमट्याने जोरात ओढा. सुटायची असेल तर इथेच सुटू द्या.

एक सूचना. मोटारीच्या तारा लांब वाटतात म्हणून कापू नका. कित्येक मोटारींत वाइंडिंगच्याच इनॅमल तारा थेट बाहेर काढलेल्या असतात. कापल्यावर त्यावर सोल्डर धरत नाही, प्रत्येक बारीक तारेचं इनॅमल जाळून किंवा खरवडून काढावं लागतं. एखादी तार सुटली की एक फेज कमजोर.

पहिल्यांदा वीज देताना बल्ब

इलेक्ट्रिशियन सिरीज लॅम्प लावतो तेच इथे करायचं. १२ व्होल्ट २१ वॉटचा इंडिकेटर बल्ब बॅटरीच्या पॉझिटिव्ह वायरमध्ये सिरीजला जोडा. बॅटरी लावल्यावर बल्ब क्षणभर चमकून विझला किंवा अगदी मंद राहिला तर ठीक. पूर्ण पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. बॅटरी काढा आणि पुन्हा मीटर हातात घ्या. सगळा करंट बल्बमधूनच जात असल्याने शॉर्ट असला तरी काही जळत नाही. ४ सेलची बॅटरी असेल तर असे दोन बल्ब सिरीजमध्ये. बल्ब लावून मोटार फिरवायला जाऊ नका, व्होल्टेज पडून ईएससी रीसेट होतो आणि नवाच दोष दिसतोय असं वाटतं.

चार-एकत्र (एकाच पाटीवर चारही) ईएससी वापरणाऱ्यांनी इथे थांबून एक गोष्ट करावी. ईएससी आणि फ्लाइट कंट्रोलर यांच्यामधल्या केबलचा पिनांचा क्रम प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. प्लग बसतो म्हणजे क्रम जुळतो असं नाही. बॅटरीचं व्होल्टेज सिग्नलच्या पिनेवर गेलं की फ्लाइट कंट्रोलर गेलाच. मीटरने एकेक पिन ताडून मगच प्लग दाबा.

ईएससी काय बोलतो ते ऐका

बॅटरी लावल्यावर मोटारी ज्या सुरांत वाजतात तो ईएससीचा आवाज असतो, मोटार इथे फक्त स्पीकर आहे. चारही सूर लावून गप्प झाल्या तर सिग्नल पोचला. एक मोटार दर सेकंदाला बीप करत राहिली तर तिच्या ईएससीला सिग्नल मिळत नाही किंवा थ्रॉटल शून्यावर दिसत नाही. सिग्नलचा प्लग उलटा लागला आहे का, काळी वायर बाहेरच्या कडेला, म्हणजे ग्राउंडच्या रांगेत आहे का, ते बघा. पांढरी सिग्नल वायर जोडून ग्राउंड सोडून दिलं तर मोटार मधूनच झटके खाते. एक मोटार पूर्ण मुकी असेल तर त्या ईएससीला वीजच नाही, म्हणजे पुन्हा खालच्या प्लेटचा टाका.

सुट्या ईएससीच्या प्रत्येक प्लगमध्ये लाल वायर ५ व्होल्ट आणते. चार ईएससींचे ५ व्होल्ट एकत्र जोडू नका. एकच लाल ठेवा, बाकी तीन प्लगमधून पिनेने सोडवून टेप लावा. पॉवर मॉड्यूल (बॅटरीतून पिक्सहॉकला वीज देणारी पाटी) असेल तर पिक्सहॉक त्यावरच चालतो.

कॅलिब्रेशन

तीन मोटारी फिरायला लागल्या आणि चौथी थोड्या थ्रॉटलनंतर सुरू झाली तर ती बिघडलेली समजू नका. ईएससीला शून्य कुठे आणि पूर्ण कुठे हे शिकवलेलं नाही एवढंच. ठोक्याच्या लांबीवरून हुकूम ओळखणाऱ्या साध्या पीडब्ल्यूएम ईएससीला साधारण १००० ते २००० मायक्रोसेकंदांचे ठोके जातात आणि प्रत्येक ईएससीची समज थोडी वेगळी असते.

पंखे काढलेले आहेत ना ते पुन्हा बघा. यूएसबी काढा. आधी रेडिओ कॅलिब्रेशन झालेलं हवं. ट्रान्समीटर चालू करून थ्रॉटल पूर्ण वर न्या आणि बॅटरी लावा. फ्लाइट कंट्रोलरचे दिवे आळीपाळीने लागायला लागतील. थ्रॉटल तसाच वर ठेवून बॅटरी काढा आणि पुन्हा लावा. पिक्सहॉक असेल तर सेफ्टी स्विच स्थिर होईपर्यंत दाबा. सूर ऐकू येतील, सेलच्या संख्येइतके बीप येतील, मग आणखी दोन. ते दोन ऐकले की थ्रॉटल पूर्ण खाली. लांब सूर आला म्हणजे झालं. आता थ्रॉटल हळू वाढवून चारही एकदम सुरू होतात का बघा, मग बॅटरी काढा.

बीटाफ्लाइटमध्ये डीशॉट ही डिजिटल पद्धत वापरत असाल तर हे काहीच करायचं नाही. डीशॉटमध्ये हुकूम आकड्यांत जातो, ठोक्याच्या लांबीत जात नाही.

कॅलिब्रेशननंतरही एखादी मोटार आर्म केल्यावर अडखळत सुरू होत असेल तर आर्डूपायलटमध्ये (पिक्सहॉक आणि एपीएमवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) 'मॉट स्पिन आर्म' हे सेटिंग किंचित वाढवा. तो मूळ ०.१० असतो, 'मॉट स्पिन मिन' ०.१५. दुसरा कायम पहिल्यापेक्षा जास्तच ठेवा.

क्रम, दिशा, पंखे

टेबलावर सगळं ठीक आणि जमिनीवरून उठताच ड्रोन उलटला, तर दहातल्या नऊ वेळा दोष इथेच असतो. मोटारींचे क्रमांक प्रत्येक सॉफ्टवेअरचे वेगळे आहेत आणि लोक व्हिडिओ एकाचा बघतात, जोडणी दुसऱ्याची करतात.

आर्डूपायलटच्या एक्स रचनेत १ पुढची उजवी, २ मागची डावी, ३ पुढची डावी, ४ मागची उजवी. वरून बघताना १ आणि २ घड्याळाच्या उलट, ३ आणि ४ घड्याळाप्रमाणे. बीटाफ्लाइटमध्ये १ मागची उजवी, २ पुढची उजवी, ३ मागची डावी, ४ पुढची डावी. मूळ सेटिंगला १ आणि ४ घड्याळाप्रमाणे, २ आणि ३ उलट.

मिशन प्लॅनरच्या मोटर टेस्टमध्ये मात्र क्रमांकांऐवजी ए, बी, सी, डी अशी बटणं आहेत. ती पुढच्या उजव्या मोटारीपासून घड्याळाप्रमाणे जातात. म्हणजे बी दाबल्यावर मागची उजवी, क्रमांक ४ ची मोटार फिरली पाहिजे. इथे पुष्कळजण गोंधळतात आणि बरोबर लागलेल्या वायर काढून चुकीच्या लावतात.

थ्रॉटल आठ-दहा टक्के ठेवा. दिशा बघायला बेलवर चिकटपट्टीची छोटी शेपटी लावा आणि बोट जरा दुरून धरून ती कोणत्या बाजूने येऊन लागते ते बघा. उलटी फिरत असेल तर दोन तारा बदला. पंख्याची उंच कड फिरण्याच्या दिशेला पुढे हवी आणि अक्षरं वर. ए-२२१२ चे पंखे ज्या फाकणाऱ्या कॉलेट अडॅप्टरने धरतात तो नट पान्याने घट्ट करा, हाताने नाही. सगळ्या नटांना साधे उजवे आटे असतील तर घड्याळाप्रमाणे फिरणाऱ्या दोन मोटारींचे नट सैल व्हायचा कल असतो, ते प्रत्येक उड्डाणाआधी बघा. अडॅप्टर शाफ्टवर घसरला तर मोटार पूर्ण वेगाने फिरते, पंखा मागे राहतो, आणि लक्षणं हुबेहूब मोटार बंद पडल्यासारखी दिसतात.

अदलाबदल करून दोष पकडणं

समजा पुढची डावी, म्हणजे ३ नंबरची मोटार नीट चालत नाही आणि वरच्या तपासणीत काही सापडलं नाही. आता अंदाज बंद. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि दोष जागेवर राहतो की सरकतो ते बघायचं.

पहिली अदलाबदल फ्लाइट कंट्रोलरवर. १ आणि ३ चे सिग्नल प्लग एकमेकांच्या जागी लावा. मोटर टेस्टमध्ये आधी ज्याच्यावर ३ ची मोटार फिरायची ते डी बटण दाबलं की आता पुढची उजवी फिरायला हवी. तीही नीट चालली नाही, आणि ए दाबल्यावर पुढची डावी मात्र छान फिरली, तर हात निर्दोष आहे. दोष फ्लाइट कंट्रोलरच्या ३ नंबरच्या पिनेत किंवा तिच्या सेटिंगमध्ये. 'सर्व्हो ३ फंक्शन' ३५ आहे का बघा. चार मोटारींसाठी ३३, ३४, ३५, ३६ असे आकडे असतात. सेटिंग बरोबर असून पिन मेलेली असेल तर पिक्सहॉकवर हाच आकडा रिकाम्या आउटपुटला देऊन काम भागतं. एपीएम २.८ वर आर्डूकॉप्टरची (आर्डूपायलटच्या मल्टीरोटर आवृत्तीची) ३.२.१ च्या पुढची आवृत्ती चालत नाही, तिथे ही मोकळीक धरू नका.

प्लग बदलूनही पुढची डावीच अडखळली तर दोष त्या हातात, ईएससी किंवा मोटारीत. प्लग आधी मूळ जागी लावा. मग दुसरी अदलाबदल: पुढच्या दोन मोटारी सोडवून एकमेकींच्या जागी लावा, ईएससी तसेच. अडखळणं मोटारीबरोबर उजवीकडे गेलं तर मोटार खराब. डावीकडेच राहिलं तर ईएससी किंवा त्याचा खालच्या प्लेटवरचा टाका. टाका नव्याने करूनही राहिलं तर ईएससी.

प्रत्येक अदलाबदल वहीत लिहा आणि तारांना चिकटपट्टीवर नंबर टाका. मध्येच लाईन गेली, जेवायला उठलात, की काय कुठे होतं ते आठवत नाही, आणि चुकीचा प्लग तसाच राहून दुसऱ्या दिवशी ड्रोन वावरात उलटतो.

टेबलावर चांगला, हवेत बिघडतो

पंख्याचा भार आल्यावरच दिसणारे दोष वेगळे. त्यातला सगळ्यात धोक्याचा म्हणजे डीसिंक. थ्रॉटल एकदम वाढवला की एक मोटार किर्रर्र आवाज करून क्षणभर थांबते आणि ड्रोन त्या बाजूला पलटतो. ईएससीजवळ मोटारीची स्थिती सांगणारा सेन्सर नसतो. ज्या तारेत त्या क्षणी वीज सोडलेली नाही, तिच्यात तयार होणाऱ्या व्होल्टेजवरून तो चुंबक कुठे आहेत ते ओळखतो. वीज गढूळ झाली किंवा भार झटक्यात वाढला की त्याचा ठेका चुकतो. उपाय या क्रमाने करा: बुलेट कनेक्टर पुन्हा तपासा, बॅटरीच्या वायर आखूड ठेवा, बॅटरीच्या टोकाशी ३५ व्होल्टचा ४७० ते १००० मायक्रोफॅरडचा लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेला) कपॅसिटर लावा (पट्टा असलेली बाजू निगेटिव्हला), एका मापाने लहान पंखे लावून बघा. बीएलहेली फर्मवेअरचा ईएससी असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये मोटर टायमिंग एक पायरी वर आणि डीमॅग कॉम्पेन्सेशन हाय.

चारही मोटारी एकदम ढिल्या पडत असतील तर बॅटरी बघा. भार असताना एका सेलचं व्होल्टेज ३.३ च्या खाली जात असेल तर ती बॅटरी उड्डाणाची राहिली नाही.

उन्हाचा विचार आपल्याकडे करावाच लागतो. एप्रिल-मेमध्ये चंद्रपूर, अकोला, वर्धा ४५ अंशांच्या घरात असतात. १५ अंशांच्या तुलनेत ४५ अंशांना हवा साधारण नऊ-दहा टक्के विरळ असते, म्हणजे तेवढंच वजन उचलायला मोटारींना जास्त फिरावं लागतं, आणि ईएससीला थंड करायला मिळते ती हवाही तापलेलीच. ईएससी फ्रेमच्या हाताखाली, पंख्याचा वारा लागेल असा बांधा, फ्रेमच्या प्लेटांमध्ये कोंबू नका. उड्डाण सकाळी नऊच्या आत. लिपो दुचाकीच्या डिकीत किंवा उभ्या गाडीत ठेवू नका, आणि उतरल्यावर गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका.

पहिलं चाचणी उड्डाण आणि लॉग

तूर निघालेलं मोकळं वावर निवडा, डीपी आणि विजेच्या तारांपासून लांब, आजूबाजूला माणसं-ढोरं नाहीत असं. अशा ड्रोनचं वजन सव्वा किलोच्या आसपास भरतं, म्हणजे ड्रोन नियम २०२१ नुसार तो २५० ग्रॅम ते २ किलोच्या मायक्रो गटात येतो. त्याला नोंदणी क्रमांक लागतो. व्यावसायिक वापर नसेल तर पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, आणि ग्रीन झोनमध्ये (जिथे उडवायला पूर्वपरवानगी लागत नाही त्या भागात) उंचीची मर्यादा ४०० फूट आहे. नागपूर विमानतळाचा परिसर, आयुध निर्माण्या, ताडोबा-मेळघाट-पेंचची जंगलं यांच्या जवळपास राहत असाल तर आधी ड्रोनच्या झोनचा नकाशा बघूनच बाहेर पडा.

माणसाच्या उंचीइतकं वर न्या, अर्धा मिनिट एका जागी धरा, उतरवा, डिसआर्म करा, बॅटरी काढा. मग चारही मोटारी आणि ईएससींना बोट लावा. सगळ्या सारख्या कोमट असतील तर उत्तम. एकीवर तीन सेकंद बोट टिकत नसेल तर तिची बेअरिंग, पंखा आणि ईएससी पुन्हा बघा.

आता मेमरी कार्डवरचा लॉग, म्हणजे उड्डाणाची नोंद, मिशन प्लॅनरमध्ये उघडा. 'आरसीओयू'मध्ये सी-१ ते सी-४ हे चार मोटारींना गेलेले हुकूम. स्थिर उड्डाणात चारही रेषा जवळजवळ राहिल्या पाहिजेत, या वजनाला साधारण १५०० च्या आसपास. एकच रेषा कायम वर असेल तर ती मोटार कमजोर आहे किंवा वजन त्या बाजूला झुकलंय, बॅटरी सरकवून बघा. १ आणि २ वर आणि ३ आणि ४ खाली, किंवा याच्या उलट असेल तर एखादी मोटार तिरकी बसलीय आणि ड्रोन स्वतःभोवती वळायचं बघतोय. समोरून डोळा लावला की वाकलेला हात दिसतो. ड्रोन पडला असेल तर पडण्याआधीचा क्षण बघा: एक रेषा एकदम कमाल आकड्याला चिकटली आणि तिच्या तिरप्या समोरची खाली गेली, तर पहिल्या रेषेची मोटार, ईएससी किंवा पंखा हवेतच गेला. फ्लाइट कंट्रोलर तिच्याकडे जास्तीत जास्त जोर मागत होता आणि तो मिळत नव्हता. 'व्हाइब'चे, म्हणजे कंपनांचे, तिन्ही आकडे ३० च्या खाली हवेत. त्यावर जात असतील तर पंख्यांचं बॅलन्सिंग आणि वाकलेली शाफ्ट बघा.

वहीत एका पार्टचं नाव पक्कं झालं की मगच ऑर्डर करा. मोटार मागवताना केव्ही आणि शाफ्टची जाडी जुळवा. ईएससी मागवताना त्याच कंपनीचा, त्याच फर्मवेअरचा घ्या आणि बसवल्यावर चारहींचं कॅलिब्रेशन पुन्हा करा. नागपूरला जाणं होणारच असेल तर सीताबर्डीहून बेअरिंग, बुलेट कनेक्टर, फ्लक्स आणि निरनिराळ्या लांबीचे एम-३ स्क्रू जास्तीचे आणून ठेवा. घरचे बहुतेक दोष तेवढ्या सामानात निघतात.